दोन घासांची जागा

जपानच्या नैर्ऋत्येला क्यूशू नावाचं मोठं बेट आहे. तिथल्या फुकुओका संस्थानातले वयोवृद्ध पंडित काइबारा एकिकेन यांचं ‘योजोकुन’ हे पुस्तक १७१३ मध्ये बाहेर पडलं, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. त्यांची प्रकृती लहानपणापासून तोळामासा. तरुणपणी संस्थानिकाची खप्पामर्जी झाली आणि काही वर्षं चाकरीविना काढावी लागली. या काळात ते नागासाकीला जाऊन वैद्यक शिकले. पुढे पुन्हा संस्थानिकाच्या कुरोदा घराण्याच्या सेवेत रुजू झाले, क्योतोला राहून कन्फ्यूशियसच्या परंपरेतले ग्रंथ अभ्यासले, आणि १७०९ मध्ये जपानमधल्या वनस्पती, प्राणी व खनिजांची तेराशेहून अधिक नोंदी असलेली मोठी सूची प्रसिद्ध केली. त्यांची पत्नी तोकेन उत्तम सुलेखनकार होती. तीही नाजूक प्रकृतीची. दोघांनी कधी कोणतं औषध घेतलं याची रोजनिशी एकिकेन ठेवत असत. ‘योजोकुन’ म्हणजे मुळात धडधाकट असलेल्या माणसाने इतरांना सांगितलेली पथ्यं नाहीत. दुबळ्या शरीराशी जन्मभर जुळवून घेतलेल्या माणसाची ही वही आहे, आणि म्हणून मला ती जवळची वाटते.

‘योजो’ म्हणजे जीव जोपासणं. पुस्तक आठ खंडांचं. पहिले दोन जीवनशैलीच्या सर्वसाधारण विचाराचे. तिसरा आणि चौथा मुख्यतः खाण्यापिण्याचे, चौथ्याच्या शेवटी कामेच्छेच्या संयमाबद्दल. पाचव्यात डोळे, कान, दात, शौच, स्नान. सहाव्यात आजारपण आणि वैद्य कसा निवडावा. औषधं येतात ती थेट सातव्यात. आठव्यात म्हाताऱ्यांची आणि लेकरांची काळजी, सुया टोचण्याची आणि डाग देण्याची रीत. हा क्रमच पुष्कळ काही सांगून जातो. औषधापर्यंत पोहोचायच्या आधी एकिकेन वाचकाला सहा खंड चालवतात, आणि किरकोळ दुखणं आपोआप बरं होत असेल तर उगाच औषध घेऊ नका, सुमार वैद्याच्या औषधापेक्षा औषध न घेतलेलं बरं, असंही बजावतात. पंडितांची भाषा तेव्हा चिनी होती. त्यांनी मात्र साध्या माणसाला वाचता येईल अशा सोप्या जपानीत लिहिलं. पुस्तक गावोगावी गेलं आणि आजही जपानी पुस्तकांच्या दुकानात त्याच्या नव्या आवृत्त्या मिळतात.

त्या काळाकडेही पाहायला हवं. तोकुगावा घराण्याच्या राजवटीत शंभरेक वर्षं शांतता नांदत होती. शहरं फुगली होती, व्यापाऱ्यांच्या हातात पैसा खुळखुळत होता, ताटात पदार्थ वाढले होते. दुष्काळात होरपळणाऱ्या शेतकऱ्याला कमी खा असं कोणी सांगत नाही. एकिकेन यांचा उपदेश आहे तो पोटभर मिळू लागलेल्या माणसाला, आणि त्या अर्थाने तो आपल्याला, आजच्या शहरी मध्यमवर्गाला, नेमका लागू पडतो.

शरीरात ‘की’ नावाचा प्राणप्रवाह वाहतो, तो साचला किंवा खर्ची पडला की माणूस आजारी पडतो, ही त्यांची मूळ समजूत. तो प्रवाह आजवर कोणाला शरीरात दाखवता आलेला नाही. पण या समजुतीतून त्यांनी काढलेल्या सवयी पाहा: एका जागी फार वेळ बसू नका, फार वेळ पडूनही राहू नका, जेवल्याबरोबर झोपू नका, जेवणानंतर काहीशे पावलं चाला. शतपावली आपल्याकडेही चालत आली आहे. जेवणानंतर थोडं चाललं तर रक्तातली साखर एकदम वर उसळत नाही, हे आता मोजून पाहिलेलं आहे. कारण चुकीचं आणि आचरण बरोबर, असं या परंपरेत वारंवार दिसतं. याहून ठळक उदाहरण पुढे भाताच्या गोष्टीत येईलच.

आधी पोटाचं. कितीही रुचकर पदार्थ समोर असला तरी आठ, फार तर नऊ हिस्से पोट भरलं की थांबावं, असं एकिकेन सांगतात. आणखी एके ठिकाणी त्यांनी हे फार बारकाईने मांडलं आहे. अजून थोडं हवं असं वाटत असतानाच हात थांबवा, कारण खाताना जे कमी वाटतं ते थोड्या वेळाने पुरेसं झालेलं असतं. हे निरीक्षण अचूक आहे. पोट आणि आतडी मेंदूला तृप्तीचा निरोप पाठवतात तो ताबडतोब पोहोचत नाही, साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. भरभर जेवणारा माणूस तेवढ्या अवधीत दोन पोळ्या जास्त खाऊन मोकळा होतो. आयुर्वेदातही पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक रिकामा ठेवावा असं सांगितलेलं आहे. दोन संस्कृतींत आढळणारी गोष्ट म्हणून तिच्याकडे थोडं अधिक लक्ष द्यावं.

नुसत्या निग्रहावर मात्र जपानी स्वयंपाकघर विसंबून राहिलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पारंपरिक जेवणाची मांडणी अशी असते: एक वाडगा भात, एक वाडगा सूप, एक मुख्य पदार्थ, दोन जोडपदार्थ, आणि लोणचं. प्रत्येकाचं भांडं वेगळं आणि लहान. भाताचा वाडगा एका तळव्यात मावणारा. मासा असेल तर एक तुकडा. भाजी दोन-चार चॉपस्टिकभर. सूप पातळ आणि गरम, त्यामुळे ते सावकाशच प्यावं लागतं. किती खायचं ते भांड्यांनीच ठरवून टाकलेलं असल्यामुळे दर घासाला मनाशी झगडावं लागत नाही. आपल्या ताटात वाढण्याचा आग्रह हा प्रेमाचा भाग असतो. तिथे समोर मांडलेलं सगळं संपवणं हा आदराचा भाग असतो. या दोन रीतींचा कंबरेच्या घेरावर होणारा परिणाम वेगळा असणारच.

आठ हिस्से पोटाची सवय सर्वांत प्रसिद्ध झाली ती ओकिनावामुळे. जपानच्या दक्षिण टोकाची ही बेटं शंभरी गाठणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी जगभर ओळखली गेली. तिथल्या आहाराबद्दल बरंच गोडगोड लिहिलं जातं. वास्तव साधं आणि गरिबीचं आहे. १६०५ मध्ये नोगुनी सोकान नावाच्या माणसाने चीनच्या फूजियान प्रांतातून रताळ्याचे वेल आणले. वादळं झेलणाऱ्या, पाण्याला महाग असलेल्या त्या बेटांवर भातापेक्षा रताळं चांगलं तगलं आणि तेच गरिबांचं मुख्य अन्न झालं. १९४९ च्या नोंदींनुसार ओकिनावातल्या माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश रताळ्यांतून येत होते. सोबत कारलं आणि टोफू परतून केलेली भाजी, समुद्री शेवाळ, सोयाबीनचे प्रकार. डुकराचं मांस सणावारी, तेही तासन् तास उकळून वरची चरबी काढून टाकलेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९७२ पर्यंत ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात होती. लष्करी तळांबरोबर डबाबंद मांस आलं, १९६३ मध्ये अमेरिकन बर्गरचं पहिलं दुकान आलं, मोटारी आल्या, चालणं घटलं. २००० सालच्या आयुर्मानाच्या तक्त्यात ओकिनावाचे पुरुष देशातल्या ४७ प्रांतांत चौथ्या क्रमांकावरून एकदम सव्विसाव्यावर घसरले. जपानी वर्तमानपत्रांत त्याला ‘सव्वीसचा धक्का’ म्हणतात. तीच बेटं, तेच हवापाणी, त्याच कुळातली माणसं. नातवंडांच्या ताटात आजोबांचं जेवण उरलं नव्हतं, एवढाच फरक.

आता भात. भाताच्या गोष्टीवर थोडं रेंगाळणं भाग आहे, कारण परंपरा आपल्याच हाताने कशी आजारी पडते आणि तिच्याकडेच अर्धा उपाय कसा असतो, हे तिथे दिसतं. एदो म्हणजे आजचं तोकियो. अठराव्या शतकापर्यंत ते प्रचंड शहर झालं होतं आणि तिथे सडीक तांदळाचा पांढराशुभ्र भात ही प्रतिष्ठेची खूण होती. खेड्यात भाताबरोबर बार्ली, नाचणीसारखी भरड धान्यं मिसळत. शहरात नुसता पांढरा भात आणि जोडीला थोडं लोणचं. एदोला आलेल्या माणसाचे पाय जड होत, बधिर पडत, सुजत, छातीत धडधडे, आणि काही जण दगावत. गावी परतलं की बरेच जण बरे होत. लोकांनी त्याला ‘एदोचं दुखणं’ असं नाव दिलं. तो बेरीबेरी होता. गरीब-श्रीमंत असा भेद त्याने केला नाही, उलट श्रीमंतांना तो आधी गाठत असे. चौदावा तोकुगावा शोगुन इएमोची १८६६ मध्ये ओसाकाला विशीच्या उंबरठ्यावर याच रोगाने गेला.

पुढे आधुनिक नौदल उभं राहिलं तेव्हा जहाजांवर हीच साथ. १८८२ च्या अखेरीस ‘र्युजो’ नावाचं प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीवर निघालं. त्यावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला, २५ मेले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो लंडनमध्ये शिकून आले होते. इंग्रज खलाशांना हा रोग होत नाही हे त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे दोष अन्नात असावा असा त्यांना संशय आला. १८८४ मध्ये त्यांनी दुसरं जहाज, ‘त्सुकुबा’, त्याच मार्गाने पाठवायला लावलं आणि जेवण बदललं: भात कमी, मांस, कडधान्यं, दूध, पाव वाढवला. या सफरीत ३३३ जणांपैकी पंधराच्या आसपास आजारी पडले, मृत्यू एकही नाही. आजारी पडलेल्यांनीही मुख्यतः नवं जेवण नाकारलं होतं. नंतर नौदलाने भातात बार्ली मिसळायला सुरुवात केली.

ताकाकींना वाटत होतं की प्रथिनं कमी पडल्यामुळे रोग होतो. ते चुकीचं होतं. तरी खलाशी वाचले. लष्करातल्या वरिष्ठ डॉक्टरांनी मात्र, ज्यांत पुढे थोर लेखक म्हणून गाजलेले मोरी ओगाई होते, शास्त्रीय कारण सिद्ध झालेलं नाही असं म्हणत पांढरा भातच चालू ठेवला. १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात जपानी लष्करातल्या सुमारे अडीच लाख सैनिकांना बेरीबेरी झाला आणि सत्तावीस हजारांच्या आसपास मेले. पुराव्याची शिस्त हवीच. पण समोर माणसं वाचताना दिसत असताना कारणाची वाट पाहत बसण्याची किंमत किती असते, ती इथे दिसते. सुझुकी उमेतारो यांनी १९१० मध्ये तांदळाच्या कोंड्यातून ते गुणकारी द्रव्य वेगळं काढलं. आज आपण त्याला ब-१ जीवनसत्त्व म्हणतो. गिरणीत जे झडून जात होतं त्यातच ते होतं. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खाणारे या रोगापासून बऱ्याच अंशी वाचले, कारण साळ उकडताना सालीजवळचं ब-१ दाण्याच्या आत शिरतं आणि नंतर सडलं तरी पुष्कळसं टिकतं.

आता या गोष्टीतला अर्धा उपाय. सडताना निघालेला कोंडा जपानी बायकांनी फेकून दिला नाही. त्यात त्यांनी भाज्या मुरवल्या. या प्रकाराला ‘नुकाझुके’ म्हणतात. लाकडी बादली किंवा चिनी मातीची बरणी घेतात. ताजा कोंडा, मीठ, उकळून गार केलेलं पाणी. कालवल्यावर तो ओल्या वाळूसारखा झाला पाहिजे, मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि पाणी गळू नये. त्यात वाळलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा, एक-दोन लाल मिरच्या. पहिले काही दिवस कोबीची बाहेरची टाकाऊ पानं पुरतात आणि काढून फेकतात. त्या पानांवरचे आणि हाताचे जंतू कोंड्यात रुजतात, त्यांतले आंबवणारे जंतू हळूहळू इतरांना हुसकून लावतात आणि सुगंध बदलतो. मग काकडी, वांगं, मुळा, गाजर आत दाबायचं. काकडी एका रात्रीत होते. वांग्याचा जांभळा रंग टिकावा म्हणून काही घरांत बरणीत जुना लोखंडी खिळा ठेवतात. खरी मेहनत पुढे असते: रोज हात घालून कोंडा तळापासून वर-खाली करायचा, उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. नाही केलं तर वर पांढरा पापुद्रा धरतो आणि वास बिघडतो. नीट सांभाळलेली बरणी वर्षानुवर्षं चालते, सासूकडून सुनेकडे जाते. सकाळी काकडी काढून, कोंडा धुऊन, चकत्या करून पांढऱ्या भातासोबत वाढली की कोंड्यातलं ब-१ काकडीतून ताटात परत येतं. कोणाही गृहिणीला हे रसायन माहीत नव्हतं, आणि ज्यांना लोणचं दोन फोडींपुरतंच मिळे त्यांना ते पुरलंही नाही.

या स्वयंपाकघराची काळी बाजूही सांगायला हवी. ती म्हणजे मीठ. मिसोचं सूप, सोया सॉस, खारवलेले मासे, लोणची. नुसत्या एका वाडगाभर मिसो सूपमध्ये सव्वा ते दीड ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. उत्तरेकडच्या आकिता प्रांतात हिवाळा लांब आणि कडक, म्हणून भाज्या-मासे मिठात टिकवून खाल्ले जात. तिथे चाळिशी-पन्नाशीतली माणसं मेंदूच्या रक्तस्रावाने पटापट जात. संपूर्ण जपानमध्ये १९५१ पासून १९८० पर्यंत पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. नागानो या डोंगराळ प्रांताची गतही तीच होती. तिथे गावोगावच्या महिला आरोग्य-स्वयंसेविकांनी घराघरांत जाऊन सूपमधलं मीठ मोजलं, त्यात भाज्या वाढवायला आणि पाणी कमी करायला शिकवलं, लोणचं दिवसातून एकदाच वाढा म्हणून बायकांची मनं वळवली. काही दशकांत नागानो देशातल्या सर्वांत दीर्घायुषी प्रांतांत गणला जाऊ लागला. मिसो टाकून दिला नाही. कमी केला.

या साऱ्या विवेकाला एक फांदी फुटली ती मात्र अतिरेकाकडे गेली. लष्करी डॉक्टर इशिझुका सागेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोंडा न काढलेल्या तांदळाचा आणि आपल्या भूमीत पिकणाऱ्या अन्नाचा आग्रह धरला. त्यांचा विचार पुढे नेणारे साकुराझावा युकिकाझू पश्चिमेत जॉर्ज ओसावा या नावाने प्रसिद्ध झाले आणि ‘मॅक्रोबायोटिक’ आहाराचा प्रसार केला. त्यांच्या पायऱ्यांपैकी सर्वांत वरची होती केवळ तांदूळ खाण्याची. ती नेटाने पाळून १९६५ मध्ये न्यू जर्सीतली एक तरुणी कुपोषणाने मेली. रोज पाच-सहा भांड्यांतून थोडं थोडं खाणाऱ्या परंपरेच्या नावाने एकाच भांड्यावर जगायला सांगणं, हा त्या परंपरेवर अन्यायच आहे. अन्नशिक्षणाबद्दलची इशिझुकांची मूळ तळमळ मात्र वाया गेली नाही. २००५ मध्ये जपानने त्यासाठी कायदाच केला आणि आज शाळेतली मुलं दुपारचं जेवण एकमेकांना वाढतात, ते कुठे पिकलं हे शिकतात आणि नंतर वर्ग स्वतः आवरतात.

खाण्याइतकंच या परंपरेने हातांना मानलं. एकिकेन यांच्या पाचव्या खंडात सकाळचा क्रम आहे: अंथरुणातच पाय ताणा, आतली शिळी हवा बाहेर सोडा, उठून बसा, हात गुंफून पुढे आणि वर ढकला, दातांवर दात हलके आपटा, डाव्या-उजव्या हाताने आळीपाळीने मानेचा मागचा भाग दाबा. रात्री तळपायाचा खोलगट मध्य चोळा. गरम पाण्याने डोळे धुवा, मिठाने दात घासा. ८३ व्या वर्षी रात्री बारीक अक्षर वाचता येतं आणि एकही दात पडलेला नाही, असं ते स्वतःबद्दल समाधानाने नोंदवतात.

दुसऱ्याकडून अंग दाबून घेण्याची कला म्हणजे ‘आन्मा’. ती चीनमधून आली आणि ७०१ च्या राजसंहितेतच दरबारी आन्मा-शिक्षकांची पदं आहेत. पुढे ही विद्या मुख्यतः अंधांच्या हाती गेली. एदोच्या गल्ल्यांतून रात्री काठी टेकत, बासरीसारखी शीळ वाजवत अंध आन्मावाले फिरत आणि दमलेली माणसं त्यांना घरात बोलवत. यांच्यातले सर्वांत मोठे सुगियामा वाइची (१६१०–१६९४). लहानपणी दृष्टी गेलेली. सुई टोचण्याची विद्या शिकायला गेले तर हाताला जमेना, गुरूने घरी पाठवलं. बोटांनी चाचपून बारीक सुई नेमकी बसवता यावी म्हणून त्यांनी सुईपेक्षा किंचित आखूड अशी नळी वापरायला सुरुवात केली: नळी कातडीवर टेकवायची, वर डोकावणारं सुईचं टोक बोटाने हलकेच ठोकायचं. डोळस माणसांनीही ती उचलली आणि आजच्या बहुतेक जपानी सुया अशाच नळीत येतात. शोगुन त्सुनायोशीच्या पाठबळाने सुगियामांनी अंधांना हे शिकवणारी शाळा काढली. पॅरिसमधली अंधांची पहिली प्रसिद्ध शाळा त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी निघाली.

विसाव्या शतकात आन्माला नवा अवतार मिळाला: शिआत्सू. नामिकोशी तोकुजिरो यांचा जन्म १९०५ चा, शिकोकू बेटावरचा. ते लहान असताना कुटुंब थंडगार होक्काइदोत स्थलांतरित झालं, आईचे सांधे धरले, जवळपास डॉक्टर नव्हता. भावंडं आळीपाळीने आईचं अंग दाबत आणि तोकुजिरोच्या अंगठ्याने तिला जास्त आराम पडे. तिथून सुरू झालेला प्रवास १९४० मध्ये तोकियोत त्यांची संस्था उभी राहण्यापर्यंत गेला. १९५४ मध्ये जपानला आलेल्या मेरिलिन मन्रोवर त्यांनी उपचार केले आणि शिआत्सू घराघरात पोहोचलं. मासुनागा शिझुतो हे मानसशास्त्राचे अभ्यासक त्यांच्याच संस्थेत शिकवत होते. पुढे त्यांनी पोट चाचपून निदान करण्याची आणि एक हात स्थिर ठेवून दुसऱ्याने दाबण्याची निराळी पद्धत घडवली. युरोप-अमेरिकेत हीच जास्त पसरली.

शिआत्सू प्रत्यक्षात कसं चालतं? आपल्याकडच्या तेल-मालिशीशी त्याचं फारसं साम्य नाही. माणूस जमिनीवरच्या पातळ गादीवर, सैल सुती कपडे घालूनच झोपतो. दाबणारा बाजूला गुडघे टेकून बसतो. अंगठ्याचं टोक न रुतवता पेराचा मांसल भाग टेकवतो. कोपर सरळ. खांद्याची ताकद न लावता कंबरेतून पुढे झुकून शरीराचं वजन सावकाश अंगठ्यावर येऊ देतो, कातडीला काटकोनात. समोरचा श्वास सोडत असताना दाब वाढतो, तीन ते पाच सेकंद थांबतो, तितक्याच हळू उठतो. मग बोटभर खाली. कण्याच्या मणक्यांवर कधीच नाही, दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या पट्ट्यांवर. दाब बरोबर असेल तर रग लागते पण हात काढू नये असं वाटतं. दुखऱ्या जागेवर अंगठा घासणं, झटके देणं, दात-ओठ खाऊन रेटणं, हे सगळं अडाणीपणाचं.

घरी करण्याजोगं थोडं. तळपायाचा खोलगट मध्य दोन्ही अंगठ्यांनी, झोपण्यापूर्वी. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडून नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक जागा आहे. लांब चालून आलेल्या पायांना तिथे दाबलं की हलकं वाटतं. कवी बाशो १६८९ मध्ये उत्तरेच्या पायी प्रवासाला निघाले तेव्हा त्यांनी याच जागी मोक्साचा शेक घेतल्याचं लिहून ठेवलं आहे. मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या जातभाईची वाळवून कुटलेली पानं, ती कातडीजवळ जाळतात. शेकाचा हा प्रयोग घरी करू नये. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटांवर, दोन कंडरांच्या मधली जागा मळमळीसाठी दाबतात. सगळ्या बिंदूंत हिचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीत तिचा उपयोग दिसून आला आहे. बाकी बिंदूंबद्दल इतका भक्कम पुरावा हाताशी नाही. खुद्द जपान, चीन आणि कोरिया यांच्यात ३६१ पैकी ९२ बिंदूंच्या जागेवर एकमत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने तिन्ही देशांच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून २००८ मध्ये प्रमाण पुस्तक काढलं. नेमक्या बिंदूपेक्षा सावकाश, लक्षपूर्वक केलेल्या स्पर्शानेच ताठलेलं अंग पुष्कळदा सैल होतं, असं माझं मत आहे.

कुठे हात लावू नये हे आधी शिकावं. एकच पोटरी सुजलेली, लाल, गरम असेल तर ती दाबू नये. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. ताप असताना, हाडं ठिसूळ असताना, रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना, मानेच्या पुढच्या भागावर जोर नको. गरोदरपणी अंगठा आणि तर्जनीमधली जागा आणि घोट्याच्या आतली बाजू परंपरेनेच वर्ज्य सांगितली आहे. हात-पाय अचानक लुळा पडणं, छातीत कळ येणं, यात दाबत बसण्यात वेळ घालवायचा नाही.

जपानमध्ये हे काम व्यवसाय म्हणून करायचं तर तीन वर्षांचं शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा लागते. महायुद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन प्रशासनाने १९४७ मध्ये आन्मा, सुया आणि मोक्सा बंद करण्याची भाषा काढली तेव्हा अंध व्यावसायिकांनी रान उठवलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात परवान्याचा कायदा झाला. १९६४ मध्ये शिआत्सूला त्यात स्वतंत्र ओळख मिळाली आणि आणखी एक कलम आलं: अंधांच्या रोजीरोटीवर घाला येत असेल तर डोळस विद्यार्थ्यांसाठी नव्या आन्मा-शिआत्सू शाळांना सरकार परवानगी नाकारू शकतं. एका खासगी शिक्षणसंस्थेने हे कलम व्यवसायस्वातंत्र्याच्या विरोधात आहे म्हणून न्यायालयात आव्हान दिलं. या धंद्यात आता डोळसांचीच संख्या जास्त आहे, तरीही फेब्रुवारी २०२२ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम कायम ठेवलं. अंधांच्या शासकीय शाळांमधून आजही आन्मा, शिआत्सू, सुया आणि मोक्सा यांचे वर्ग चालतात.